मदत हवी आहे : किनाऱ्यावर काम करणाऱ्या घोड्यांसाठी हाताने केलेला लोकरीचा नमदा, विणलेला घ्यावा की जमवलेला?

नमस्कार.

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावात किनाऱ्यावर घोडे आणि टांगे चालवणारी जी घरे आहेत, त्यांपैकी एक आमचे. आमच्याकडे दोन घोड्या आणि एक तट्टू आहे. खोगिराखाली सध्या आम्ही बाजारात तयार मिळणारे पॅड घालतो, ज्याच्या आत फोम आणि बाहेर कृत्रिम धाग्याचे कापड असते. ते बदलून तिन्ही जनावरांसाठी हाताने केलेले लोकरीचे नमदे, म्हणजे खोगिराखाली घालायच्या जाड लोकरी गाद्या, घ्यावेत, असा माझा विचार पक्का होत आला आहे. लोकर कोणती घ्यावी, जाडी किती ठेवावी आणि समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत नमदा टिकवावा कसा, याबद्दल जाणकारांची मदत हवी आहे.

विचार बदलण्याचे कारण जनावरांची पाठ हेच आहे. उन्हाळी सुट्टीत आणि डिसेंबरात पर्यटकांची गर्दी असते, तेव्हा खोगीर दिवसातला बराच काळ पाठीवर राहते. फोमचे पॅड घाम शोषत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही, त्यामुळे खोगीर उतरवले की खालचे केस चिकट झालेले असतात आणि कातडीला हात लावला तर ती तापलेली जाणवते. धाकट्या घोडीच्या पाठीवर डाव्या बाजूला केस विरळ झाले आहेत. जखम अजून नाही, परंतु पाठ लागायला वेळ लागत नाही आणि एकदा लागली की ते जनावर पुढचे कित्येक दिवस खोगिराखाली घेता येत नाही, हे घोडा पाळणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

लोकरीबद्दल मी आजवर जे वाचले आणि घाटावरच्या घोडेवाल्यांकडून ऐकले, ते थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत चूक असेल तर ती दाखवता येईल. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांशापर्यंत बाष्प आत ओढून घेऊ शकतो आणि तरीही हाताला फारसा ओला लागत नाही. सुती कापडही घाम शोषते, पण भिजल्यावर ते पाठीला चिकटते, त्याला चुण्या पडतात आणि त्या चुण्याच पुढे कातडी सोलतात. पॉलिएस्टरचा धागा तर बाष्प जवळजवळ घेतच नाही. शिवाय लोकरीच्या तंतूला अंगचाच कुरळेपणा असतो, त्यामुळे दाबली गेलेली लोकर भार काढला की पुन्हा फुगते, आणि खोगिराचा दाब एका जागी न साठता आजूबाजूला पसरतो. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा अधिक खारट असतो आणि त्यात साबणासारखा फेस करणारे एक प्रथिन असते, म्हणून तंगाखाली (खोगीर आवळून बांधायच्या पोटपट्ट्याखाली) आणि खोगिराच्या कडेला पांढरा फेस दिसतो. एवढा घाम बाहेर पडायला वाट देणारी वस्तू पाठीवर हवी, ही माझी मुख्य अपेक्षा आहे.

हाताने केलेलाच नमदा का, असे घरातही विचारले गेले. तयार पॅड साधारणपणे मोठ्या घोड्याच्या मापाचे असते. आमच्या तट्टूची पाठ आखूड आहे, त्यामुळे पॅडचे मागचे टोक शेवटच्या बरगडीच्या पलीकडे, कमरेवर जाते आणि चालताना तिथे घासते. हाताने करणारा माणूस त्या जनावराच्या मापाचा नमदा करू शकतो, पाठीच्या बाकाप्रमाणे त्याला आकार देऊ शकतो, आणि एखादी जागा झिजली तर तेवढाच भाग दुरुस्तही करता येतो. फोम एकदा बसला की ते पॅड टाकूनच द्यावे लागते.

दुसरे कारण आमच्या डोळ्यांसमोरचे आहे. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, भातकापणी झालेल्या खाचरांत खतासाठी मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या आधी परत वर जातात. त्यांच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड म्हणून तिला भाव नाही, अशी त्यांची तक्रार दर वर्षी ऐकू येते. ज्या लोकरीची घोंगडी माणसाला पावसात आणि थंडीत इतकी वर्षे पुरली, ती घोड्याच्या पाठीला का पुरू नये, असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या शंका विचारते.

विणलेली, घडी घालून वापरायची घोंगडीसारखी वस्तू घ्यावी, की कच्छ, टोंक आणि काश्मीरमध्ये करतात तसा लोकर जमवून, म्हणजे न विणता ओली करून दाबून एकजीव करून, केलेला नमदा घ्यावा? दख्खनी लोकर भरड असल्यामुळे ती कातडीला टोचेल का? जाडी किती ठेवावी? वाळू आणि खारे पाणी हे आमचे रोजचेच आहे, कारण घोडे ओल्या वाळूतून चालतात आणि ओहोटीला टांगे पाण्यातून कुलाबा किल्ल्याकडे जातात, तेव्हा नमदा धुवावा कसा आणि किती वेळा? पावसाळ्यात आमच्याकडे जाड सुती चादर वाळत नाही, तिथे नमदा कसा वाळवावा? आणि टांग्याच्या साजाखाली, जिथे पट्टा पाठीवर बसतो, तिथेही लोकर घालता येईल का?

अनुभवाने सांगणाऱ्या प्रत्येकाची मी आभारी राहीन. हौशी घोडेस्वारांचे अनुभवही चालतील, परंतु दिवसभर भाड्याने चालणाऱ्या जनावरांचा अनुभव असेल तर तो आवर्जून लिहावा.

प्रतिसाद : माळरान

आपली समजूत बहुतांशी बरोबर आहे. माझा संबंध घोड्यांपेक्षा लोकरीशी अधिक आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

आपल्या कामासाठी जमवलेला नमदा अधिक योग्य ठरेल. विणलेल्या वस्त्रात उभे-आडवे धागे असतात आणि ते दुहेरी-चौपदरी केले की घडीच्या जागी कंगोरा तयार होतो. नमद्यात धागाच नसतो. पिंजलेल्या लोकरीचे थर एकावर एक, एक उभा तर पुढचा आडवा असे अंथरतात, त्यावर कोमट साबणपाणी शिंपडतात, चटईत गुंडाळतात आणि कित्येक तास हातापायांनी दाबत लोळवतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते ओलावा, ऊब आणि घर्षण यांमुळे एकमेकांत अडकत जातात आणि शेवटी ते सोडवता येत नाहीत. त्यामुळे नमद्याचा कापलेला काठ उसवत नाही आणि दाब सगळ्या दिशांना सारखा पसरतो. जमताना लोकर बरीच आटते, लांबी-रुंदीत एक-तृतीयांश कमी होणे नेहमीचे आहे, म्हणून कारागिराला तयार नमद्याचे माप स्पष्ट सांगावे. अंथरायचे माप त्याचे तो ठरवेल.

दख्खनी लोकर मेरिनो मेंढीच्या मऊ, बारीक लोकरीसारखी लवकर जमत नाही, तिला अधिक वेळ लोळवावे लागते. परंतु भरड तंतूचा फायदा असा की तो लवकर चपटा होत नाही. कातडीकडच्या बाजूला मऊ लोकरीचा पातळ थर आणि वरचा सगळा भाग दख्खनीचा, अशी रचना करून घेतलीत तर टोचण्याची भीती उरणार नाही. घोड्याच्या अंगावर केस असतात, त्यामुळे माणसाला जेवढे टोचते तेवढे त्याला टोचत नाही, हेही लक्षात घ्यावे.

दोन गोष्टींबाबत मात्र कारागिराशी सौदा होण्याआधीच बोलावे. पहिली गोष्ट कचऱ्याची. माळावर चरणाऱ्या मेंढीच्या लोकरीत कुसळे, गोखरूचे काटे आणि वाळक्या काड्या असतात. घोंगडीत एखादे कुसळ राहिले तर माणूस ते काढून टाकतो, पण नमद्याच्या आत राहिलेले कुसळ खोगिराच्या भाराखाली हळूहळू खालच्या अंगाला येते आणि घोड्याला ते सांगता येत नाही. म्हणून लोकर दोनदा पिंजून, हाताने निवडून घ्यावी, त्याची मजुरी अधिक पडली तरी द्यावी. मेंढीच्या पोटाची आणि पायांची लोकर वेगळी काढायला सांगावी, कारण सर्वाधिक कचरा तिच्यातच असतो. दुसरी गोष्ट खळीची. विणलेली घोंगडी घेणार असाल तर चिंचोक्याची खळ न लावलेली मागावी किंवा खळ पूर्ण धुऊन काढावी. खळीमुळे वस्त्र कडक होते आणि कोकणच्या हवेत तिच्यावरच बुरशी आधी धरते.

प्रतिसाद : खुरीनाल

मी पशुवैद्यक आहे. नमद्याबद्दलचा आपला आग्रह मला पटतो, परंतु धाकट्या घोडीच्या डाव्या बाजूला विरळ झालेल्या केसांबद्दल आधी बोलणे आवश्यक आहे.

एकाच बाजूला, एकाच जागी केस जात असतील तर तिथे खोगीर अधिक दाबते आहे किंवा घासते आहे, असा संशय घ्यावा. नवा नमदा घालण्याआधी खोगीर उलटे करून त्याची भरती दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, आतला सांगाडा तडकला आहे का, हे हाताने दाबून तपासावे. घोडीला काम झाल्यावर, घाम वाळण्याआधी, उजेडात उभी करावी आणि पाठ पाहावी. कण्यावरची पट्टी कोरडी आणि तिच्या दोन्ही बाजू सारख्या ओल्या असतील तर ते चांगले लक्षण आहे. ओल्या भागाच्या मध्येच हाताच्या तळव्याएवढा कोरडा डाग दिसत असेल तर तिथे बहुधा दाब इतका आहे की घाम सुटू शकत नाही. दाबाने केसांची मुळे दुखावली की पुढे त्या जागी पांढरे केस उगवतात. तेव्हा तिन्ही जनावरांच्या पाठीवर असे जुने पांढरे ठिपके आहेत का, तेही पाहून ठेवावे, कारण आधी कुठे त्रास झाला आहे हे त्यावरून कळते.

अरुंद खोगिराखाली जाड नमदा घातला तर खोगीर आणखी अरुंद होते आणि खांद्यामागच्या भागाला चिमटा बसतो. रुंद खोगिराखाली खूप जाड नमदा घातला तर खोगीर डुलते, मग घोडेवाला तंग अधिक आवळतो आणि एका त्रासाच्या जागी दोन उभे राहतात. माझ्या मते खोगीर नीट बसत असेल तर साधारण १२ ते २० मिलिमीटर जाडीचा नमदा पुरेसा आहे. खोगीर ठेवताना नमदा मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर ताणलेला राहू देऊ नये. तिथे तो बोटाने वर उचलून खोगिराच्या मधल्या गाळ्यात सरकवावा, म्हणजे कण्यावर हवा खेळती राहते. काम संपल्यावर तंग सैल करून थोडा वेळ खोगीर तसेच ठेवण्याची घोडदळातली जुनी पद्धत होती, तीही चांगली आहे, कारण दाबलेल्या भागात रक्त एकदम धावत नाही.

भाराबद्दल लिहिणे कदाचित व्यवसायाच्या दृष्टीने अप्रिय असेल, पण लिहितो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण दंडक मानला जातो. ३०० किलो वजनाच्या जनावराला खोगिरासह ६० किलो. तट्टूवर धिप्पाड पर्यटक बसवला तर जगातला कोणताही नमदा त्याची पाठ वाचवू शकणार नाही.

शेवटचा मुद्दा संसर्गाचा. गजकर्ण आणि पावसात होणारा खपल्यांचा त्वचारोग हे दोन्ही एकाचा साज दुसऱ्याला घातल्याने पसरतात. प्रत्येक जनावराचा नमदा वेगळा असावा आणि त्यावर ओळखीची खूण असावी. लोकर उकळता येत नाही, त्यामुळे एखाद्या जनावराला असा रोग झालाच तर तो बरा होईपर्यंत खोगीर पूर्ण बंद ठेवावे आणि त्याचा नमदा इतरांच्या सामानापासून दूर ठेवावा.

प्रतिसाद : खाडीपलीकडे

आम्ही गुहागरच्या बाजूला असतो. आमच्याकडे लोकरीचे नमदे वापरात आहेत, त्यामुळे निगेबद्दल सांगू शकते.

ताई, वाळूपेक्षा मीठ अधिक त्रासदायक आहे. वाळू झटकली, काठीने बडवली, कडक ब्रश मारला की बरीच निघून जाते. मीठ लोकरीत राहते आणि हवेतले पाणी ओढत राहते, त्यामुळे समुद्राच्या पाण्याने भिजलेला नमदा उन्हात वाळवला तरी संध्याकाळी पुन्हा ओलसर लागतो. म्हणून खारे पाणी लागले असेल त्या दिवशी साबण न लावता विहिरीच्या गोड्या पाण्यात नमदा बुडवून काढावा. मे महिन्यात विहिरीला पाणी कमी असते, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी सगळा नमदा न भिजवता फक्त काठ आणि खालची बाजू ओल्या फडक्याने पुसली तरी बराच फरक पडतो.

पूर्ण धुणे हंगामात क्वचितच करावे. थंड पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात नमदा दाबून-दाबून धुवावा. गरम पाणी, ब्रशने घासणे आणि पिळणे हे तिन्ही टाळावे, कारण लोकर ज्या क्रियेने जमते तीच पुन्हा घडते आणि नमदा आटून वेडावाकडा होतो. धुतल्यावर तो दोरीवर मधोमध टाकू नये. बाजेवर किंवा बांबूच्या ताटीवर सपाट पसरून, खालून-वरून वारा लागेल असा सावलीत वाळवावा.

पावसाळ्याबद्दल खरे सांगायचे तर लोकर बाष्प ओढते हा तिचा जो गुण आहे, तोच जुलैत आड येतो. हवाच इतकी दमट असते की नमदा पाठीवर चढण्याआधीच निम्म्याहून अधिक भरलेला असतो आणि घामासाठी त्यात जागा थोडी उरते. त्यामुळे आम्ही त्या महिन्यांत प्रत्येक जनावरामागे दोन नमदे ठेवतो आणि आलटून-पालटून वापरतो. मोकळा नमदा चुलीच्या वरच्या माळ्यावर, धगीपासून हातभर दूर ठेवला जातो. धुराचा वास लागतो, पण जनावरांची त्याला हरकत दिसत नाही. जे नमदे पावसाळाभर वापरायचेच नाहीत, ते आम्ही मेअखेरीस धुऊन, कडकडीत वाळवून, जुन्या सुती लुगड्यात कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासह बांधून ठेवतो आणि पावसाने उघडीप दिली की सोडून झटकतो. कसर अंधारात, न हलवलेल्या लोकरीतच वाढते, त्यामुळे पाल्यापेक्षा हे झटकणेच अधिक उपयोगी पडते. डांबराच्या गोळ्या मात्र घालू नयेत, त्यांचा अंश लोकरीत राहतो आणि घामाबरोबर कातडीला लागतो.

टांग्याच्या साजाखाली लोकर जरूर घालावी. तिथे पट्टा अरुंद असल्याने दाब थोड्या जागेवर येतो. नमद्याचे उरलेले तुकडे त्या मापाने कापून साजाला बांधता येतात, शिवू नयेत, म्हणजे काढून धुता येतील.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे आज काम झाल्यावर धाकट्या घोडीची पाठ पाहिली. डाव्या बाजूला, जिथे केस विरळ आहेत तिथेच, कोरडा डाग आहे आणि खोगिराची त्या बाजूची भरती हाताला गुठळीसारखी लागते. खोगीर दुरुस्त होईपर्यंत ती खोगिराखाली जाणार नाही, हे घरात ठरले आहे. नवा नमदा तिला त्यानंतरच घालू. तिच्यासाठी लोकर जाड घ्यावी असे माझ्या मनात होते, तो विचार आता सोडला आहे.

पहिला नमदा तट्टूचा करून घेईन, कारण तयार पॅडचा सर्वाधिक त्रास त्यालाच आहे. खालच्या अंगाला मऊ लोकर आणि वर दख्खनी, जाडी १५ मिलिमीटरच्या आसपास. यंदा धनगर उतरतील तेव्हा पुढच्या नमद्यांसाठी पाठीवरची लोकर वेगळी काढून ठेवायला त्यांना सांगणार आहे. आता एकच अडचण उरली आहे. जमवून देणारा कारागीर घाटावर आहे आणि तट्टू इथे. माप कसे पाठवावे?

प्रतिसाद : माळरान

माप पाठवणे अवघड नाही. हाताने वाकेल पण आकार धरून ठेवेल अशी जाड तार घ्यावी. तट्टूला सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखे उभे करून, खांद्याच्या हाडाच्या अगदी मागे तार पाठीवर आडवी दाबून बसवावी आणि अलगद उचलून मोठ्या कागदावर तिच्या आतल्या अंगाने रेघ मारावी. अशीच दुसरी रेघ पाठीच्या सर्वांत खोल जागी आणि तिसरी शेवटच्या बरगडीपाशी घ्यावी. चौथी तार कण्यावरून उभी, खांद्यामागून शेवटच्या बरगडीपर्यंत धरावी, म्हणजे पाठीचा बाक कळतो. प्रत्येक रेघेवर डावी-उजवी बाजू लिहावी, कारण पुष्कळ जनावरांचे दोन्ही खांदे सारखे नसतात.

कागदाबरोबर गोणपाटाचा एक नमुनाही कापून पाठवावा. गोणपाट तट्टूच्या पाठीवर टाकून त्यावर खोगीर ठेवावे, खोगिराच्या कडेने खडूची रेघ ओढावी आणि तिच्या बाहेर चारही बाजूंनी तीन बोटे जागा सोडून कापावे. मागे मात्र शेवटच्या बरगडीपलीकडे जाऊ देऊ नये. पाठीच्या बाकासाठी कारागीर बहुधा दोन भाग करून मधोमध जोडेल. ती शिवण चपटी असावी, तिच्यात गाठ नसावी आणि दोरा लोकरीचाच असावा, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. नायलॉनचा दोरा लोकरीपेक्षा चिवट असतो, नमदा दबला तरी तो दबत नाही आणि बरोबर कण्यावर टोचतो.